खोली आधी की वाट आधी?

राजूर कॉलरी म्हटलं की बाहेरच्याला कोळसा आठवतो आणि वणी भागातल्या माणसाला चुन्याच्या भट्ट्या. इथल्या पोरांची शहरं ठरलेली असतात. शाळा-कॉलेजपुरती वणी, कामापुरतं चंद्रपूर आणि नोकरी लागली की नागपूर. यंदा एका भाचीला नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी लागली. तिची आत्या सिव्हिल लाईन्समधल्या एका कार्यालयात नोकरी करून निवृत्त झाली आणि राजूरला परत आली. तिने नागपुरात लुना चालवली, बसमध्ये उभ्याने प्रवास केला, ऑटोवाल्यांशी हुज्जत घातली. मेट्रो मात्र तिला पाहुणी म्हणूनच मिळाली. दोघींचं हे बोलणं.

भाची : आत्या, मोबाइलवर दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत. एक मानेवाड्याला, स्वस्त आहे. दुसरी धरमपेठेत, महाग आहे, पण तिथे मैत्रीण आहे. आता तू सांग, मिहानला रोज मेट्रोने जाऊ, बसने जाऊ, की बाबांना गाडी घेऊन द्यायला सांगू?

आत्या : तू उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी खोली, मग वाहन. खोली घेतली की वाहन आपोआप ठरून जातं, मग तुला निवडायला काही राहतच नाही. आधी वाट पाहायची आणि त्या वाटेवर खोली शोधायची.

भाची : पण मेट्रो तर आता सगळीकडे जाते नं?

आत्या : सगळीकडे नाही जात. नागपूरची मेट्रो अधिकच्या चिन्हासारखी आहे. एक रेघ उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी. ती ऑरेंज लाइन. दुसरी पूर्व-पश्चिम, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. ती अॅक्वा. दोघी बर्डीला एकमेकींना छेदतात. मार्च २०१९ मध्ये खापरीकडून बर्डीपर्यंतची गाडी सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ ला चारही हात पूर्ण झाले. तुझं मिहान दक्षिणेच्या हाताच्या टोकाला, खापरीकडे. हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी असती तर पश्चिमेचा हात बघितला असता.

भाची : म्हणजे धरमपेठ पश्चिमेच्या हातावर आणि मिहान दक्षिणेच्या.

आत्या : हो. शंकरनगर चौक किंवा एलएडी चौकात बसशील, बर्डीला उतरशील, जिने चढून-उतरून दुसरी गाडी धरशील आणि मग खापरी. गाडी चांगली, थंड, सगळं खरं. पण तू आधी शहराच्या पोटात जाणार आणि मग बाहेर पडणार. अधिकच्या चिन्हाची हीच अडचण आहे. दोन हातांच्या मधल्या कोपऱ्यात राहणाऱ्याला ते कामाचं नाही. आणि मानेवाडा नेमका तसाच कोपरा आहे. तिथून मेट्रोसाठी बर्डीला जाशील तर उगाच हेलपाटा. मानेवाड्याहून रिंग रोडने ओंकारनगर, नरेंद्रनगर करत छत्रपती चौक गाठायचा आणि तिथून मेट्रो धरायची. नकाशावर हे दिसतं, पण ॲप दाखवीलच असं नाही.

भाची : बरं, मग मानेवाडा पण चालेल की! छत्रपती चौकापर्यंत ऑटो, पुढे मेट्रो.

आत्या : चालेल. किती वेळ लागेल म्हणतेस?

भाची : ॲपवर पन्नास मिनिटं दाखवतं.

आत्या : सरासरी. तू राजूरहून वणीला कॉलेजला जात होतीस, तेव्हा किती वेळ लागायचा?

भाची : वीस मिनिटं. पण कोळशाचा ट्रक रस्त्यात बिघडला तर पाऊण तास, मग पहिलं लेक्चर गेलंच.

आत्या : मग परीक्षेच्या दिवशी किती आधी निघायचीस?

भाची : तासभर आधी.

आत्या : बस्स, तेच मोजायचं. सरासरी नाही मोजायची, वाईट दिवस मोजायचा. समज, एका वाटेला नेहमी पंचावन्न मिनिटं लागतात, कधी बावन्न, कधी साठ. दुसरीला सरासरी पंचेचाळीसच, पण कधी पस्तीस आणि कधी ऐंशी. कागदावर दुसरी दहा मिनिटांनी जिंकली. आता नऊला अंगठा लावायचा असेल तर पहिल्या वाटेने आठला निघालीस तरी निभेल. दुसरीने पावणेआठच्या आधीच निघावं लागेल, आणि तेही रोज, कारण वाईट दिवस आधी सांगून येत नाही. म्हणजे जलद वाटेसाठी तू रोज जास्त वेळ देणार. ज्या कामाला उशीर चालतो तिथे सरासरी बघावी. सिनेमाला जाताना बघ सरासरी. नोकरीला नाही.

भाची : मेट्रोचा वेळ बदलत नाही म्हणून ती बरी, असं?

आत्या : रुळावरची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकत नाही, एवढाच तिचा खरा गुण आहे. वेग दुसऱ्या नंबरला. पण तुझ्या वाटेचा मेट्रोचा तुकडा मधला आहे. दोन्ही बाजूंचे तुकडे कोण मोजणार? घरातून स्टेशन आणि खापरीहून कंपनी. मिहान काही एका गल्लीत नाही. खापरी स्टेशनवर उतरलीस म्हणजे कंपनीच्या दारात उतरलीस असं नाही, मधे किलोमीटरच्या किलोमीटर मोकळं रान आहे. ऊन असो, पाऊस असो. तेव्हा रुजू होण्याआधी कंपनीत फोन करून एकच विचार : तुमची गाडी खापरीहून आहे का, कितीला निघते, आणि संध्याकाळी परत सोडते का? या एका उत्तरावर तुझं अर्धं गणित आहे. सोडत असेल तर मेट्रो. सोडत नसेल तर मग गाडीचा विचार करू.

भाची : आणि थांबायचा वेळ? तो तर सगळ्या प्रवासात सारखाच नं?

आत्या : मिनिटं सारखी, पण अंगावर सारखी नाही येत. वाहतुकीचं नियोजन करणारे लोक थांब्यावरचं एक मिनिट गाडीतल्या जवळजवळ दोन मिनिटांइतकं धरतात, कारण माणसाला ते तेवढं जड जातं. ते हिशोब थंड देशांतले. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर, बसथांब्याला छत नसताना ते एक मिनिट किती होतं ते त्यांना विचारायला पाहिजे. मी दुपट्टा बांधून उभी राहायची आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून पाहायची. आपली बस येईल, पण कधी येईल हे ठाऊक नसलं की थांबणं फार लांबतं.

भाची : मग बस नकोच?

आत्या : नको कशाला म्हणतेस? महापालिकेची ‘आपली बस’ मेट्रो जात नाही तिथे जाते आणि तिचं तिकीट परवडतं. माझं म्हणणं, ज्या थांब्यावर एकाच मार्गाची बस येते तिथे राहू नकोस. दोन-तीन मार्गांच्या बसगाड्या येत असतील अशा चौकाजवळ राहा. एक चुकली तर दुसरी. ऑटोचंही तेच. शेअर ऑटो कुठून कुठे जातो ते घर बघायला जाशील तेव्हा तिथल्या चहावाल्याला विचार. मीटरचा भरवसा धरू नको, बसायच्या आधी भाडं ठरव. आणि रात्री उशिरापर्यंत थांबावं लागणार असेल तर हेही ध्यानात ठेव की मेट्रोची शेवटची गाडी दहाच्या सुमाराला असते. ती गेली की मेट्रोजवळच्या खोलीचा काही उपयोग नाही. रात्री तुला घरी कोण सोडणार, हे नोकरीच्या कागदावर लिहून घे.

भाची : आत्या, तू काहीही म्हण, मला गाडीच बरी वाटते. आपल्या मर्जीने निघायचं, मर्जीने यायचं.

आत्या : मर्जी खरी आहे, ती नाकारत नाही. लुनावर बसून ऑफिसला गेले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे शहर आपलंय. पण हिशोब नीट कर. पोरं फक्त पेट्रोल धरतात. जाऊन-येऊन तीस किलोमीटर, गाडी लिटरला पन्नास देते असं धर, पेट्रोल शंभराच्या वर. दिवसाचे साठ-पासष्ट तिथेच गेले. त्यात हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, टायर, पंक्चर. वर्धा रोडवर ट्रकच्या बाजूने चालवणं आलं. पाऊस आला की पुलाखाली उभं राहणं आलं. आणि गाडीवर तू दुसरं काही करू शकत नाहीस. मेट्रोत वाचशील, डुलकी काढशील, बाबांना फोन लावशील.

भाची : मग स्वस्त खोली घेऊन वाचलेले पैसे गाडीत घालीन.

आत्या : सगळेच असं म्हणतात. स्वित्झर्लंडचे दोन अर्थशास्त्रज्ञ आहेत, अलोईस स्टुत्झर आणि ब्रुनो फ्राय. त्यांनी जर्मनीतल्या लोकांची अनेक वर्षांची पाहणी तपासली. अर्थशास्त्राच्या हिशोबाने लांबून येणाऱ्याला स्वस्त घर किंवा जास्त पगार मिळतो, म्हणजे फिटंफाट व्हायला पाहिजे. पण लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. फिटंफाट होतच नव्हती. मला यात काही नवल वाटलं नाही. भाडं आपण महिन्यातून एकदा देतो, प्रवास रोज दोनदा देतो. खोली घेताना भाड्याचा आकडा डोळ्यासमोर असतो, नोव्हेंबरातल्या मंगळवारची संध्याकाळ डोळ्यासमोर नसते.

भाची : तू तर मला दोन्ही खोल्या सोडायला लावणार असं दिसतं.

आत्या : तिसरी बघायला लावणार. वर्धा रोडच्या बाजूने जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर ही स्टेशनं आहेत. सोमलवाडा, मनीषनगर त्याच भागात. तिथून खापरी सरळ, बर्डीला बदलायची भानगड नाही. सकाळी सगळं शहर बर्डीकडे निघतं आणि तू उलट दिशेने जाशील, म्हणजे बसायला जागा मिळायची शक्यताही जास्त. भाडं मानेवाड्यापेक्षा थोडं जास्त पडेल. पण बघताना स्टेशनपासून पायी चालून बघ. दलाल ‘मेट्रोजवळ’ म्हणतो तेव्हा त्याच्या मोटरसायकलवरून जवळ.

भाची : एकदा ठरलं की मग वर्षभर डोक्याला ताप नाही.

आत्या : इथे मात्र तुझं-माझं पटत नाही. लंडनची गोष्ट सांगते. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला. बरीच स्टेशनं बंद, लोकांना नाइलाजाने दुसऱ्या वाटेने जावं लागलं. संशोधकांनी लोकांच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या. संप मिटल्यावरही वीसातला साधारण एक जण जुन्या वाटेला परतलाच नाही. त्याला दुसरी वाट जास्त सोयीची सापडली होती. वर्षानुवर्षं ही माणसं रोज चुकीच्या वाटेने जात होती आणि कोणी जबरदस्ती केली नाही तोवर त्यांना कळलंही नाही.

भाची : लंडनसारख्या शहरात? तिथे तर नकाशे प्रसिद्ध आहेत!

आत्या : तोच तर घोळ. त्यांचा तो प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नावाच्या माणसाने केला, १९३३ मध्ये छापला गेला. वाचायला सोपा, सगळ्या रेघा सरळ, पण त्यात खरी अंतरं नाहीत. जिथे नकाशा जास्त खोटं बोलत होता, तिथेच जास्त लोकांनी वाट बदलली. आपल्याही मेट्रोच्या पाटीवर स्टेशनं सारख्या अंतरावर दिसतात. बर्डी आणि झिरो माईल प्रत्यक्षात पायी जाण्याएवढी जवळ आहेत, दक्षिणेकडे खापरीच्या बाजूला मात्र लांब लांब. नवख्या माणसाला पाटी बघून हे कळत नाही. तेव्हा पहिल्या महिन्यात मुद्दाम वेगवेगळ्या वाटांनी जा. एकदा बसने, एकदा मेट्रोने, एकदा कुणा सहकारिणीच्या गाडीवर मागे बसून. घरातून निघाल्याची वेळ आणि कंपनीत पोचल्याची वेळ वहीत लिही. ॲप मधले जिने आणि रांगा धरत नाही, तुझी वही धरेल.

भाची : आणि शनिवारी घरी यायचं कसं?

आत्या : ते सोपं आहे, उलट तुला फायदाच आहे. वणीकडची एसटी वरोरा, जाम, बुटीबोरी करत वर्धा रोडनेच नागपुरात शिरते, म्हणजे तुझ्या कंपनीच्या अंगावरूनच जाते. मग गणेशपेठ स्टँडपर्यंत जायचं आणि परत यायचं कशाला? इकडून जाताना खापरीला उतरवणार का ते कंडक्टरला बसतानाच विचार. एक ध्यानात ठेव, वर्धा रोडवर दुमजली पूल आहे. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. एसटी मधल्या पुलावर चढली की अजनीपर्यंत उतरता येत नाही, जयप्रकाशनगर खालून निघून जातं. आणि बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, महिन्यातून चारदा आलीस तरी जड जाणार नाही. त्या सवलतीच्या भरवशावर शहरातल्या बसमध्ये मात्र वाद घालू नकोस, ती एसटीची आहे.

भाची : मग ठरलं. रविवारी बाबांना घेऊन जाते आणि जयप्रकाशनगरकडच्या खोल्या बघून येते.

आत्या : रविवारी नको. रविवारी नागपूरचे सगळे रस्ते चांगले असतात. सोमवारी जा, साडेआठला त्या खोलीच्या दारातून निघ आणि कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन दाखव. संध्याकाळी सहाला तसंच परत ये. मगच डिपॉझिट दे.

भाची : आणि गाडीचं बाबांना काय सांगू? ते तर शोरूमला जाऊन आलेत.

आत्या : त्यांना म्हणावं, तीन महिने थांबा. कंपनीची गाडी खापरीहून मिळाली तर लागणारच नाही. नाही मिळाली तर नवी घेऊ नका, माझी जुनी स्कूटी अंगणात उभी आहे, ती खापरी स्टेशनपासून कंपनीपर्यंत पुरेल. मात्र रात्री ती स्टेशनवर ठेवता येते का, तेवढं सोमवारी विचारून ये.