जुन्या घराची दर्शनी बाजू

मालवण, देवगड, वेंगुर्ले या बाजूला जुनी घरे अजून पुष्कळ आहेत. जांभ्याच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी, पडवीपुढे खळे आणि खळ्यात तुळस. घर साधेच. नक्षी नाही, माडी नाही. बांधले तेव्हा ते छान दिसत असणार. आता भिंतीचे पोपडे सुटले आहेत, कौलांवर शेवाळ आहे, दाराचा रंग उडाला आहे. मग चतुर्थी जवळ आली की मुंबईहून मुलाचा फोन येतो, "बाबानू, औंदा घराक रंग काढूक व्हयो." वडील विचारतात, "काढूया रे, पण पैसे खंयसून हाडतलंस?"

वडिलांचा प्रश्न खरा आहे. काही जण यासाठी कर्ज काढतात. पुढची भिंत सिमेंटने गुळगुळीत करून घेतात आणि वर चकचकीत रंग लावतात. चतुर्थीला आलेले पाहुणे वाहवा करतात. पण दोन-तीन पावसाळे गेले की भिंत फुगते, रंग सुटतो, आणि कर्जाचे हप्ते चालूच असतात. असे का होते ते आधी समजून घेऊ.

जांभा हा भोकाभोकांचा दगड आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो. वारा लागला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या साहेबाने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याला लॅटेराइट असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. विटेसारखा कापता येतो, म्हणून हे नाव. हा दगड पाणी पितो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे भिंत चार महिने पाणी पीत असते. पाऊस गेला की ते पाणी भिंतीतून हळूहळू बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला तर त्या पाण्याची वाट अडते. आत कोंडलेले पाणी मग रंगाला ढकलते. त्यात आपली हवा खारी. गिलाव्यासाठी समुद्राची वाळू वापरली असेल तर विचारूच नका. भिंतीवर पांढरा खार फुटतो.

म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी पाण्याकडे बघा. जोरदार पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. कुठले कौल गळते, वळचणीचे पाणी कुठे पडते, भिंतीच्या पायाशी पाणी साचते का, हे त्या एका फेरीत कळते. फुटके कौल बदलायला फार खर्च येत नाही. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला. त्या धर्तीची कौले पुढे अनेक कारखान्यांनी केली, पण सगळ्यांची मापे तंतोतंत सारखी नसतात. म्हणून बाजारात जाताना आपले एक जुने कौल बरोबर न्यावे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा किनाऱ्यावरच्या किती तरी घरांची कौले उडाली. वैशाखात घर शाकारताना चांगली जुनी कौले फेकू नका. पाच-पन्नास कौले परसात रचून ठेवा.

पायाशी पाणी साचत असेल तर भिंतीपासून बाहेर उतार देऊन लहानसा चर काढा. हे काम घरच्या माणसांनी करायचे. त्याला पैसे लागत नाहीत, घाम लागतो.

आता भिंत. आमचे मत विचाराल तर जांभ्याच्या भिंतीला चुन्यासारखे दुसरे काही नाही. पूर्वी किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करीत. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ साली सुरू झाले. तिथे दोन लहान घुमट्यांत शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात. ते ठसे चुन्यातलेच आहेत. चुना हवेतला वायू घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, आणि तरीही भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो.

कळीचा चुना आणा. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा टाका. पाणी खळाखळा उकळते, बरं का! मुलांना लांब ठेवा. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे हवेतच. चुना डोळ्यात उडाला तर पुष्कळ पाण्याने डोळा धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. एक किलो चुन्याला पाच लिटरच्या आसपास पाणी लागते. दोन दिवस झाकून ठेवा, मग फडक्याने गाळा. थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घाला, म्हणजे चुना हाताला लागत नाही. पिवळसर रंग हवा असेल तर पिवडी घाला.

भिंत आधी घासून पोपडे काढा. जुना तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग राहिला तर त्यावर चुना धरत नाही. भिंतीवर पाणी शिंपडा आणि दुधासारखा पातळ हात द्या. ओला असताना चुना फिका दिसतो. घाबरू नका, वाळला की पांढरा होतो. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या. जमिनीपासून हातभर उंचीचा पट्टा मात्र कावेने लाल रंगवा. पावसात तांबडी माती उडून भिंत खाली मळते, ती या पट्ट्यात दिसत नाही. शिवाय लाल पट्ट्यावर पांढरी भिंत उठून दिसते.

हे काम कधी करायचे? इथेच पुष्कळ लोक फसतात. श्रावणात घाई करून बाहेरच्या भिंती रंगवतात. त्या दिवसांत भिंत आतून चिंब असते. बाहेरची भिंत चैत्र-वैशाखात करा, नाही तर दिवाळी झाल्यावर. चतुर्थीसाठी आतली खोली, दार आणि पडवी एवढेच घ्या. चाकरमान्याला हे पटवणे कठीण असते, कारण त्याला रजा चतुर्थीलाच मिळते. त्याने पैसे पाठवावेत, काम वैशाखात व्हावे.

दार फणसाचे किंवा सागाचे असेल तर त्यावर रंग कशाला? जुना रंग खरवडा, काचकागदाने घासा आणि अळशीचे तेल फडक्याने चोळा. लाकडाचा मूळ रंग वर येतो. कड्या-बिजागऱ्यांनाही तेल द्या. खाऱ्या वाऱ्याने त्या लवकर गंजतात.

घर सामाईक असेल तर अडचण वेगळी. सात-बारावर दहा नावे, आणि प्रत्येक जण म्हणतो की मी एकट्याने का खर्च करू? अशा घरांचे पुढचे रूप सर्वांत आधी जाते, आणि मागोमाग छप्परही. चतुर्थीला सगळे भाऊबंद एकत्र येतात. तेव्हा जेवणे झाल्यावर वही काढा. कौले, चुना, मजुरी एवढेच लिहा, घरटी वर्गणी ठरवा आणि हिशेब सर्वांना दाखवा. वाटणीचा विषय त्या दिवशी काढू नका.

राहिले खळे. पाऊस संपला की गवत काढून, माती घालून, चोपून, शेणाने सारवले की निम्मे घर सुधारल्यासारखे दिसते. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला चुन्याचा हात द्या. गडग्याचे ढासळलेले चिरे पुन्हा रचा. जास्वंदीच्या फांद्या शेजारून मागून आणा आणि पावसाच्या सुरुवातीला गडग्याच्या कडेने लावा. अबोलीचे रोप पायरीजवळ चालेल. भिंतीला चिकटून मात्र काही लावू नका, दोन हात जागा सोडा. नाही तर मुळे आणि ओल दोन्ही भिंतीत शिरतात.