प्रतीक्षापट : हलता, पण खरा

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीतर्फे मराठी माध्यमाच्याही शाळा चालविल्या जातात. अशा एखाद्या शाळेची विद्यार्थी-नोंदवही संगणकावर 'मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस'मध्ये आहे, असे समजू. वर्षारंभी सर्व नोंदी पुढील इयत्तेत नेताना पडदा स्तब्ध राहिला, तर यंत्र अडले असे वाटून वीज बंद केली जाण्याचा संभव असतो. लेखन अर्धवट तुटल्यास नोंदवहीच खराब होऊ शकते.

यास्तव पडद्यावर भरत जाणारी पट्टी दाखवावी. ब्रॅड मायर्स यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही वापरणाऱ्यांनी अशा पट्टीस पसंती दिली होती.

पट्टीची रुंदी झालेल्या कामाच्या प्रमाणात वाढवावी. ८०० नोंदींपैकी २०० पूर्ण होताच ती पाव भरली पाहिजे. मात्र नोंदी बदलण्याच्या कामात गुंतलेला कार्यक्रम पडदा आपोआप रंगवीत नाही. म्हणून दर २० नोंदींनंतर 'रिपेंट' ही आज्ञा द्यावी; प्रत्येक नोंदीस दिल्यास मूळ काम मंदावते.

काम थांबले तरी फिरत राहणारे चित्र फसवे होय. अडचण उद्भवल्यास पट्टी थांबवून तिचे कारण मराठीत सांगावे.