लाळेतून संप्रेरकांची परीक्षा

भीतीने तोंडाला कोरड पडते, हे सांगण्यास वैद्याची गरज नाही. मुलाखतीसाठी बाहेर ताटकळणारा उमेदवार आणि न्यायालयात आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहणारा साक्षीदार, दोघांनाही तो अनुभव असतो. प्राचीन भारतीय न्यायपद्धतीत या अनुभवाला पुराव्याचे स्थान मिळाले होते. स्मृतिग्रंथांत दिव्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत तांदुळाचे दिव्य हा एक आहे. चोरीचा संशय ज्याच्यावर असेल त्याने तांदळाचे दाणे चावून पानावर थुंकावयाचे. त्यांत रक्त दिसले किंवा त्याचे अंग कापू लागले तर तो दोषी ठरावयाचा. निरपराध पण भित्र्या माणसाची या परीक्षेत काय गत होत असेल, याची कल्पना करता येते.

आधुनिक प्रयोगशाळाही लाळ तपासते. मात्र तेथे लाळेत उतरलेली संप्रेरके मोजली जातात. पुरुषांच्या बाबतीत त्यांपैकी दोन संप्रेरकांकडे विशेष लक्ष दिले जाते. एक कॉर्टिसॉल, मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते निर्माण करतात आणि ताणाच्या प्रसंगी त्याचे प्रमाण वाढते. दुसरे टेस्टोस्टेरॉन, ते प्रामुख्याने वृषणांत तयार होते. दाढीमिशा, भरदार आवाज, स्नायूंची बळकटी, कामेच्छा आणि शुक्राणूंची निर्मिती ही त्याची कामे होत. दोन्ही ग्रंथींना मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीकडून आदेश मिळतात. म्हणून एका बाजूला दीर्घकाळ ताण राहिला की दुसऱ्या बाजूचे काम मंदावते. अमेरिकेत लष्करी अधिकारीपदाचे प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांवरील एक अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाच्या कठीण प्रारंभकाळात त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचे व पुढे निश्चिंततेचे दिवस आल्यावर ते वाढल्याचे त्यात दिसून आले. हे तरुण रोगी नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लाळच का?

रक्तातील बहुतेक कॉर्टिसॉल व टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते. कॉर्टिसॉलचा सुमारे दहावा भाग किंवा त्याहूनही कमी, तर टेस्टोस्टेरॉनचा शेकडा दोनच्या आसपास भाग मोकळा असतो, आणि पेशींत शिरून काम करतो तो मुख्यतः हा मोकळा भाग. लालाग्रंथींच्या पेशींमधून पाझरून लाळेत येतो तोही हाच. त्यामुळे लाळेतील मोजणी ही कामावर हजर असलेल्या संप्रेरकाची मोजणी होय, असे स्थूलमानाने म्हणता येते.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. सुई टोचण्याच्या नुसत्या धास्तीनेही कॉर्टिसॉल वाढू शकते. म्हणजे जे मोजावयाचे तेच मोजण्याच्या क्रियेने बदलते. लाळेला सुई लागत नाही, परिचारिका लागत नाही. दिवसातून पाच वेळा, तेही घरी किंवा शेतावर, नमुना घेता येतो. अडचण होती ती प्रमाणाची. लाळेच्या एका मिलिलिटरमधील टेस्टोस्टेरॉन पिकोग्रॅममध्ये मोजावे लागते, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी द्रव्य आणि प्रतिपिंडे यांच्या साहाय्याने इन्शुलिन मोजण्याची जी पद्धती १९६० मध्ये सविस्तर मांडली, तिच्यामुळे अशा सूक्ष्म मोजणीचा मार्ग खुला झाला. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. बर्सन त्यापूर्वीच, १९७२ मध्ये, निवर्तले होते. आता मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या अधिक काटेकोर पद्धतीही वापरात आहेत.

फिलिपीन्समधील पिते, बोलिव्हियातील शेतकरी

रक्ताच्या नमुन्यांनी जे साधणे कठीण होते, ते लाळेने साधले. संशोधक रुग्णालयाबाहेर पडून निरोगी माणसांच्या नित्य जीवनात जाऊ शकले. फिलिपीन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांच्या लाळेचे नमुने, सकाळी उठल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी, असे दोनदा घेण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय सरासरी साडेएकवीस वर्षांचे होते. साडेचार वर्षांनी पुन्हा नमुने घेण्यात आले. या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभी ज्यांचे टेस्टोस्टेरॉन अधिक होते, ते मधल्या काळात संसारात पडून बाप होण्याची शक्यता अधिक होती. आणि बाप झाल्यावर त्यांच्यातच ते लक्षणीयरीत्या उतरले. सकाळच्या नमुन्यांत ही घट शेकडा २६, तर रात्रीच्या नमुन्यांत शेकडा ३४ इतकी आढळली. जे पिते रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलांची देखभाल करीत होते, त्यांच्यात ते आणखी कमी होते. लेकराला कडेवर घेऊन फिरणाऱ्या या बापांच्या पौरुषाविषयी शंका घेण्याचे धाडस कोण करील?

बोलिव्हियातील अरण्यात त्सिमाने नावाचा समाज शेती, शिकार व मासेमारी करून राहतो. तेथील पुरुषांच्या लाळेत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण त्याच वयाच्या अमेरिकी पुरुषांच्या तुलनेने सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले. जंतुसंसर्ग व बेताचे अन्न यांच्याशी झुंजणारे शरीर या संप्रेरकावरील खर्च आवरते घेते, असा संशोधकांचा कयास आहे. परंतु फुटबॉलचा सामना खेळल्यानंतर त्याच पुरुषांच्या लाळेत ते शेकडा ३० ने वाढले. आणि शेतासाठी जमीन मोकळी करताना तासभर कुऱ्हाडीने झाडे तोडल्यावर ही वाढ शेकडा ४७ च्या घरात गेली. चढाओढीच्या खेळापेक्षा पोटासाठी केलेल्या कष्टाने पारडे अधिक खाली जावे, ही गोष्ट कष्टकऱ्यांस नवलाची वाटणार नाही.

या सर्व निष्कर्षांचा रोख एकच आहे. संप्रेरकाचा आकडा दिवसाच्या वेळेप्रमाणे, श्रमाप्रमाणे, आहाराप्रमाणे आणि संसारातील अवस्थेप्रमाणे हलता असतो. कॉर्टिसॉल जाग आल्यानंतर अर्ध्यापाऊण तासात उसळी घेते, मग दिवसभर उतरत जाऊन मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. टेस्टोस्टेरॉनही सकाळी अधिक आणि सायंकाळी कमी असते. वेळेची नोंद नसलेला आकडा म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

नमुना बिघडतो तो असा

नुकतेच दात घासले असतील व हिरड्यांतून थोडे जरी रक्त आले असेल, तरी लाळेतील टेस्टोस्टेरॉनचा आकडा फुगतो, कारण रक्तात ते लाळेच्या कित्येक पटींनी अधिक असते. कापसाच्या बोळ्याने टिपलेली लाळ कॉर्टिसॉलसाठी चालते. टेस्टोस्टेरॉनसाठी तिने चुकीचे उत्तर येते. त्याकरिता तोंडात आपोआप साठलेली लाळ सरळ कुपीत सोडणे उत्तम. जेवण, चहा व धूम्रपान यांनंतर लगेच नमुना देऊ नये.

आपल्याकडे आवाज बसला की ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरण्याची रीत आहे. लालाग्रंथींत कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करणारे एक विकर असते. ज्येष्ठमधातील द्रव्य त्या विकराला रोखते आणि लाळेतील कॉर्टिसॉल खोटेच वाढलेले दिसते. चघळण्याच्या काही तंबाखूंतही ज्येष्ठमधाचा अंश असतो. रात्रपाळीच्या कामगारांची गोष्ट निराळी आहे. त्यांची मध्यरात्र ही त्यांच्या शरीराच्या दृष्टीने मध्यरात्र नसते, म्हणून त्यांच्यासाठी मध्यरात्रीची लाळ हा भरवशाचा पुरावा होत नाही.

वैद्यकात स्थान कोणते?

एका विकाराच्या निदानात लाळेच्या परीक्षेस मानाचे स्थान मिळाले आहे. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात शरीरात कॉर्टिसॉल अतोनात वाढते. चेहरा वाटोळा होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक होतात, कातडीवर जांभळट वळ उमटतात, रक्तदाब व साखर वाढते. पुरुषांत कामेच्छाही ओसरते. मध्यरात्री कॉर्टिसॉल उतरत नाही, ही या विकाराची आरंभीची खूण. पूर्वी ती पाहण्यासाठी रोग्यास रुग्णालयात निजवून मध्यरात्री रक्त काढावे लागे. आता दोन रात्रींची लाळ घरीच कुपीत घेता येते. अंतःस्रावतज्ज्ञांच्या २००८ च्या मार्गदर्शक सूत्रांत प्राथमिक चाचण्यांमध्ये तिचा समावेश करण्यात आला.

टेस्टोस्टेरॉनच्या उणिवेचे निदान मात्र आजही लाळेवरून केले जात नाही. लक्षणे असतील तर, आणि दोन निरनिराळ्या सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ते कमी आढळले तरच, निदान पक्के होते. असे असताना घरपोच येणाऱ्या कुप्या आणि रंगीत आलेख यांचा व्यापार वाढला आहे. थकवा, चिडचिड, झोपमोड अशी तक्रार घेऊन आलेल्या पुरुषाला एका दिवसाच्या लाळेवरून ‘अधिवृक्क ग्रंथी थकल्या आहेत’ असे सांगितले जाते. या नावाच्या विकाराला अंतःस्रावशास्त्र मान्यता देत नाही. पंडुरोग, अवटु ग्रंथीचे विकार, मधुमेह, मद्यपान किंवा नैराश्य यांचा शोध तेवढ्यामुळे राहून जातो.

याहून मोठा धोका पुढच्या पायरीवर आहे. भिंतींवरच्या जाहिराती वाचून आधीच धास्तावलेला तरुण आकडा कमी आला म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेऊ लागतो. बाहेरून संप्रेरक मिळाले की पोष ग्रंथी वृषणांना आदेश देणे थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती खालावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यास २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन पुरुषांसाठी संततिप्रतिबंधक म्हणून वापरून पाहण्यात आले होते, आणि बहुसंख्य पुरुषांच्या वीर्यातील शुक्राणू त्याने पूर्णपणे नाहीसे झाले. मूल हवे म्हणून वैद्याकडे जाणाऱ्या पुरुषाने आपण अशी इंजेक्शने घेत आहोत किंवा पूर्वी घेतली आहेत, हे प्रथम सांगावे. ती थांबविल्यानंतर शुक्राणू पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात.