माझे वेगळे ताट

आठवीत माझे वजन वाढेना, पोट फुगायचे, दौडीत मी मागे पडायचो. सगळे आळशी म्हणत. अखेर रक्ततपासणी आणि लहान आतड्याच्या बायॉप्सीनंतर निदान झाले: सिलिअ‍ॅक.

गहू, जव आणि राय यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. या आजारात ते पोटात गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्याला इजा करते. अन्नरस शोषणारे बारीक अंकुर झिजतात, खाल्लेले अंगी लागत नाही. यावर एकच उपाय, जन्मभर पथ्य.

चपाती सोडली की झाले, असे मला वाटले. तरी पोट दुखतच राहिले. मग मेसच्या काकांसोबत स्वयंपाकघर पाहिले. पुऱ्या तळलेल्या तेलातच माझे पापड तळले जात. डाळीतल्या हिंगात गव्हाचे पीठ होते. आता माझा तवा वेगळा आहे. आईने पाठवलेल्या ज्वारी-नाचणीच्या पिठाची भाकरी त्यावर होते.

सर्वांत अवघड होते मित्राच्या वाढदिवसाचा केक नाकारणे. लाजेने मी एकदा एक घास खाल्ला आणि सकाळची पीटी चुकवली. आता सरळ ‘नको’ म्हणतो.

मित्रांनो, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना सांगा. पण तपासणीआधी स्वतःहून गहू सोडू नका, अहवाल चुकीचा येऊ शकतो. आणि मागे पडणाऱ्याला आळशी म्हणण्याआधी विचारा, “बरं वाटत नाही का?”