रिकामी खुर्ची

(लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी सभागृहात कोणाच्या वतीने बोलतो? १९६६ साली अमेरिकेत एका तरुण आमदारामुळे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या आमदाराची ओळख या पाठात करून दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, निवडणूक जिंकली की माणूस आमदार होतो, असे आपण मानतो. पण लोकांनी निवडून दिले आणि सभागृहानेच आत घेतले नाही तर? अमेरिकेतील ज्युलियन बाँड यांच्या बाबतीत असेच घडले.

बाँड यांचा जन्म १४ जानेवारी १९४० रोजी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असत. अनेक उपाहारगृहांत त्यांना गोऱ्या लोकांच्या शेजारी बसून खाता येत नसे. मतदान करतानाही त्यांना नाना अडचणी येत. १९६० साली अटलांटा शहरातील मोरहाउस महाविद्यालयाचे विद्यार्थी अशा उपाहारगृहांत जाऊन शांतपणे बसू लागले. त्यांत बाँड होते. त्यांना अटक झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एका विद्यार्थी संघटनेचे ते संस्थापक सदस्य होते. तिच्या कामासाठी त्यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले. पण १९७१ साली पुन्हा अभ्यास करून पदवी मिळवली.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचे विधिमंडळ असते. १९६५ साली बाँड जॉर्जिया राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

त्या वेळी व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होते. अमेरिकेतील तरुणांना सक्तीने सैन्यात भरती केले जाई. ६ जानेवारी १९६६ रोजी विद्यार्थी संघटनेने या युद्धाचा निषेध करणारे पत्रक काढले. बाँड यांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला. प्रतिनिधिगृहाचे सदस्य संतापले. पंचाहत्तर सदस्यांनी बाँड यांना सभागृहात घेऊ नये, असे अर्ज दिले.

१० जानेवारीला शपथविधी होता. इतरांनी शपथ घेतली; बाँड यांना मात्र बाजूला थांबण्यास सांगण्यात आले. राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेण्यास ते तयार होते, पण आपले मत मागे घेण्यास तयार नव्हते. शेवटी मतदान झाले. १८४ मते त्यांच्या विरुद्ध पडली, बाजूने फक्त १२. बाँड यांची खुर्ची रिकामी राहिली.

पण ती खुर्ची एकट्या बाँड यांची होती का? नाही. ज्यांनी मते दिली, त्यांचीही ती होती. थोर नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्याच मतदारसंघात राहत. मतदार या नात्याने तेही बाँड यांच्याबरोबर न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात तीनपैकी दोन न्यायाधीशांनी विरुद्ध निकाल दिला. इकडे फेब्रुवारीत रिकाम्या जागेसाठी निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा बाँड यांनाच निवडले. शब्द मागे घ्या, असे त्यांना पुन्हा सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि सभागृहाचे दार पुन्हा बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले!

५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बाँड यांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालपत्रात स्पष्ट केले, की वादाच्या प्रश्नांवर आपले मत सांगणे हे लोकप्रतिनिधीचे कर्तव्यच आहे. त्याशिवाय मतदारांना आपला प्रतिनिधी कळणार कसा? ९ जानेवारी १९६७ रोजी बाँड यांनी शपथ घेतली.

पुढे सुमारे वीस वर्षे ते विधिमंडळात होते. १९६८ साली पक्षाच्या अधिवेशनात उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. त्या पदासाठी किमान पस्तीस वर्षे वय लागते आणि बाँड होते अठ्ठावीस वर्षांचे! त्यांनी नाव मागे घेतले. १५ ऑगस्ट २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, बाँड यांनी माफी मागितली असती, तर त्यांना वर्षभर आधीच खुर्ची मिळाली असती. पण मग लोकांनी ज्या माणसाला निवडले होते, तो तिथे बसला असता का? तुम्हीच विचार करा.

शब्दार्थ
शपथ – कसम, हलफ
निषेध – विरोध जाहीर करणे
पाठिंबा – साथ, आधार
निष्ठा – वफादारी
एकमताने – सर्वांच्या एकाच मताने

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बाँड यांच्या विरुद्ध किती मते पडली?
(आ) डॉ. किंग न्यायालयात का गेले?
२. कारणे लिहा : बाँड यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी आलेले नाव मागे घेतले.
३. 'रिकामी खुर्ची' हे नाव या पाठाला का दिले असावे? पाच-सहा ओळींत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : शब्द मागे घेणे, पाठिंबा देणे.