दुसरा डाव

१९६२ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर भारताचा क्रिकेट संघ खेळत होता. कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर फलंदाजी करीत होते. इतक्यात वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथ याचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. त्या काळी फलंदाज शिरस्त्राण वापरीत नसत. कवटीचे हाड मोडले.

दुखापत त्यांना नवी नव्हती. १९५९ साली लॉर्ड्सच्या मैदानावर बरगडी मोडली असतानाही त्यांनी ८१ धावा काढल्या होत्या. परंतु आता प्रश्न धावांचा नव्हता, प्राणांचा होता. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त देण्यास पुढे आले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर या सहकाऱ्यांनीही रक्त दिले. प्राण वाचले, कर्णधारपद मात्र एकवीस वर्षांच्या पतौडींकडे गेले.

शरीराची जखम डोळ्यांना दिसते, मनाची दिसत नाही. सोबती मैदानावर आणि आपण अंथरुणावर, हे दुःख जखमी खेळाडूस फार जाचते. हाड जुळते, पण पुढच्या चेंडूची भीती मनातून लवकर जात नाही. कधी ज्याच्यामुळे इजा झाली त्याच्याविषयी राग धुमसत राहतो. अशा वेळी धीर धरणे हाही एक खेळच होय.

कॉन्ट्रॅक्टरांनी ग्रिफिथला दोष दिला नाही. मनात अढी न ठेवल्यामुळे त्यांचे मन मोकळे राहिले. कवटीत धातूची पट्टी बसवावी लागली, तरी सुमारे दहा महिन्यांनी ते पुन्हा बॅट घेऊन मैदानात उतरले. भारताच्या कसोटी संघात मात्र त्यांना पुन्हा स्थान लाभले नाही. तरीही ते पुढे कित्येक वर्षे देशातील सामने खेळत राहिले. गेलेले सर्वच परत मिळते असे नाही. जे उरले त्यावर प्रेम करता येणे, हेच खरे बरे होणे.

ती पट्टी साठ वर्षांनी, २०२२ साली काढण्यात आली. वॉरेल यांच्या त्या रक्तदानाची आठवण म्हणून बंगालमध्ये १९८१ पासून दरवर्षी रक्तदानाचा कार्यक्रम होत आला आहे.

स्वाध्याय
१. कॉन्ट्रॅक्टरांना कोणी कोणी रक्त दिले?
२. ‘धीर धरणे हाही एक खेळच होय’, असे लेखक का म्हणतो?
३. वाक्यांत उपयोग करा : मनात अढी ठेवणे, राग धुमसणे.
४. आजारी सोबत्यास धीर देणारे पत्र लिहा.