डिफिब्रिलेटर घ्या, पण कुलूप लावू नका

‘डॉक्टर, यंदा मंडळाकडे थोडी शिल्लक आहे. डीजेवर उडवण्यापेक्षा हृदयाला शॉक द्यायचं ते मशीन गावासाठी घ्यावं म्हणतोय. उपयोग होईल का?’ हा प्रश्न हल्ली गणेश मंडळांकडून, पतसंस्थांकडून, हास्यक्लबांकडून येऊ लागला आहे. तालुक्याच्या गावाला तो सुचावा याचा मला आनंद आहे. उपयोग नक्की होईल. मात्र यंत्र कुठे टांगायचं, ते कोण धावत आणणार आणि ते येईपर्यंत छातीवर दाब कोण देणार, हे आधी ठरलेलं हवं. नाहीतर लाखाच्या आगेमागे किंमत असलेली ती वस्तू देणगीदारांच्या फलकाखाली शोभेला राहील.

हार्ट अ‍ॅटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट

या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. छातीत दुखतं, दरदरून घाम सुटतो, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो. त्याला हे यंत्र लावायचं नसतं. वेळ न दवडता ईसीजीची आणि उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं असतं.

कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये रक्त ढकलण्याचं कामच थांबतं. माणूस उभ्या जागी कोसळतो, काही सेकंदांत शुद्ध हरपते. अ‍ॅटॅक हे याचं मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. शेतातल्या मोटारीचा शॉक बसून पडलेल्या माणसाचंही हेच झालेलं असू शकतं. (तिथे आधी मेन स्विच बंद करायचा, मगच त्याला हात लावायचा.)

पहिल्या काही मिनिटांत हृदय अनेकदा पूर्ण थांबलेलं नसतं. त्याच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू बेताल थरथरत असतात, पण त्या थरथरीने रक्त पुढे सरकत नाही. विजेचा मोजका झटका ती थरथर थांबवतो आणि हृदयाला आपली लय पुन्हा धरता येते. हा झटका देणारं यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर. १९६५ च्या सुमारास बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेतून नेता येईल असा डिफिब्रिलेटर बनवला, तेव्हा त्याचं वजन सुमारे ७० किलो होतं आणि तो गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचा. आजचं स्वयंचलित यंत्र, म्हणजे एईडी, शाळकरी मुलगाही एका हातात उचलून पळेल इतकं हलकं असतं.

घाई करायची ती अशासाठी की, काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ ची गाडी कितीही तत्पर असली तरी बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडपर्यंत यायला तिला वेळ लागणारच. ती मधली मिनिटं गावाच्या हातात असतात.

इतरांनी काय केलं?

इटलीतल्या पिआचेन्झा या शहराने १९९९ मध्ये असाच विचार केला. पावणेदोन लाखांच्या वस्तीसाठी त्यांनी ३९ एईडी घेतली. काही वर्दळीच्या जागी ठेवली, काही स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिकांत, तर काही चक्क पोलिसांच्या गाड्यांत. सुमारे तेराशे सामान्य नागरिकांना ती वापरायला शिकवलं. २००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: नेहमीच्या रुग्णवाहिका सेवेवर विसंबलेल्यांत ३.३ टक्के वाचले, तर हे स्वयंसेवक ज्यांच्यापर्यंत पोचले त्यांच्यात १०.५ टक्के. पोलिसांच्या गाड्यांची कल्पना आपण जरूर उचलावी, कारण त्या रात्रीही रस्त्यावर असतात.

शिकागोच्या विमानतळांवर एईडी मिनिट-दीड मिनिटाच्या चालीवर लावली होती. पहिल्या दोन वर्षांत हृदयाची थरथर आढळलेल्या १८ जणांपैकी ११ जण वाचले. त्यांना वाचवणाऱ्यांपैकी काहींनी या यंत्राचं प्रशिक्षणही घेतलेलं नव्हतं. यंत्र जवळ होतं आणि कुणाची परवानगी न घेता उचलता येत होतं, एवढ्यावर काम झालं.

माणूस कोसळला तर

आपल्याकडे कुणी पडलं की गर्दी जमते, तोंडावर पाणी मारलं जातं, कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, कुणीतरी पाणी पाजायला धावतं. यातलं काहीही करू नका. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, एवढं दिसलं की अरेस्ट समजा. अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास येतो, तो ‘चालू श्वास’ धरू नका. इथे अनेक जण फसतात.

एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने एईडी आणायला पळायचं, तिसऱ्याने छातीवर दाब सुरू करायचा. कामं बोट दाखवून, नाव घेऊन वाटा. ‘कुणीतरी फोन करा रे’ म्हटलं की कुणीच करत नाही. रुग्णाला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, तिच्यावर दुसरा हात ठेवा, कोपरं ताठ धरा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा सुमारे दोन इंच खोल दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेला माणूस वरवर दाबू लागतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

एईडी आलं की ते सुरू करा. ते बोलतं, तसं वागायचं. पेटीतल्या कात्रीने कपडे कापा, छातीवरचा घाम किंवा पावसाचं पाणी पुसा. एक पॅड उजव्या बाजूच्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरं डाव्या काखेखाली बरगड्यांवर चिकटवा. चित्र पॅडवर छापलेलं असतं. रुग्ण बाई असेल तर लोक अवघडतात. भोवती चार जणींनी ओढणी-पदरांचा आडोसा धरावा, मंगळसूत्र बाजूला सरकवावं, पण पॅड उघड्या त्वचेवरच लागलं पाहिजे.

यंत्र हृदयाची लय तपासत असताना आणि झटका देताना रुग्णाला कुणीही शिवायचं नाही. झटका बसला की लगेच पुन्हा दाब सुरू करायचा. ‘शॉकची गरज नाही’ असं यंत्र म्हणालं तर माणूस बरा झाला, असा अर्थ काढू नका. त्याला शुद्ध नसेल आणि श्वास नीट येत नसेल तर दाब चालूच ठेवायचा. सिनेमात सरळ रेषेवर शॉक देतात, तसं हे यंत्र करत नाही. झटक्याने फायदा होईल अशीच लय आढळली तर ते झटका देतं. म्हणून ‘चुकून चांगल्या माणसाला शॉक बसला तर?’ ही भीती मनातून काढून टाका.

कुठे टांगायचं?

बहुतेक ठिकाणी चुकतं ते इथे. अध्यक्षांच्या बंगल्यात, पतसंस्थेच्या केबिनमध्ये किंवा नगरपालिकेच्या कपाटात ठेवलेलं यंत्र रात्री, रविवारी आणि सुट्टीला बंद असतं. देवळातली घंटा जशी कुणाच्याही हाताला लागते तसं ते लागलं पाहिजे. पोलीस ठाण्याचा दरवाजा, एसटी स्टँडची चौकशी खिडकी, रात्रभर चालू असणारा पेट्रोल पंप या चांगल्या जागा. चोरीची धास्ती वाटत असेल तर दार उघडताच भोंगा वाजेल अशी पेटी घ्या, पण कुलूप नको. आणि तिथे कसं पोचायचं हे सांगणारे बाण चौकाचौकांत रंगवा.

बहुसंख्य अरेस्ट घरात होतात, हेही ध्यानात ठेवा. म्हणजे यंत्र भिंतीवर राहून भागणार नाही, मोटारसायकलवरून गल्लीत पोचलं पाहिजे. प्रत्येक वॉर्डातले दोन-तीन तरुण त्यासाठी नेमा आणि त्यांचे नंबर मेडिकलवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांकडे असू द्या.

देखभाल कुणाकडे?

पॅडवरचं जेल वाळतं. त्याची मुदत पाकिटावर छापलेली असते आणि ती बहुधा दोन ते पाच वर्षांची असते. बॅटरीही काही वर्षांनी बदलावी लागते. खरेदीच्या वेळीच पुढच्या पॅड्सचा आणि बॅटरीचा खर्च विचारून तेवढी रक्कम बाजूला ठेवा. यंत्र कोणत्या भाषेत बोलतं, तेही दुकानातच ऐकून घ्या. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये ते तापून निघेल, म्हणून सावलीची भिंत निवडा. बहुतेक यंत्रांवर ‘सर्व ठीक’ दाखवणारी हिरवी खूण असते. महिन्यातून एकदा ती पाहून वहीत सही करणारी एक व्यक्ती नेमा. समिती नको, समितीवर टाकलेलं काम कुणाचंच नसतं.

प्रशिक्षण

भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छातीवर दाब देण्याची सोपी पद्धत आखून दिली. तिच्यात तोंडाने श्वास द्यावा लागत नाही. तुमच्या गावातल्या किंवा जिल्ह्यातल्या भूलतज्ज्ञांना आणि आयएमएच्या शाखेला विचारा, अर्ध्या दिवसात चाळीस-पन्नास जण तयार होतील. रिक्षावाले, कंडक्टर, पुजारी, जिमचे ट्रेनर, मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक यांना आधी बोलवा. ‘उद्या केस झाली तर?’ असं ते विचारतील. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिलं आहे. तो कायदा देवळात किंवा लग्नात कोसळलेल्या माणसापर्यंत पोचत नाही, आणि तो पोचावा ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे केलीच पाहिजे. पण अरेस्टमध्ये काहीच न केल्यास मृत्यू जवळजवळ ठरलेला असतो. दाबताना एखादी बरगडी मोडली तरी ती पुढे जुळते.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत कोटेशन मागवण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: यंत्राची जागा, दर महिन्याला ते तपासणाऱ्याचं नाव, वॉर्डनिहाय धावणाऱ्यांची यादी आणि प्रशिक्षणाची तारीख. हा कागद भरला की यंत्र जरूर घ्या. कागद अर्धा राहिला तर यंदा नुसतं छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण उरका. त्यानेही जीव वाचतात आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.